मागच्या भिंतीच्या अकरा गोण्या

गोदामात पाऊल टाकलं की लॉटबाई आधी गोण्यांची तोंडं फिरवायची. हातातला डबा अजून खुंटीला लागलेला नसायचा, कपाळावरचा घाम पुसलेला नसायचा, पण नजर रांगांवरून फिरायला लागलेली असायची. लेबल भिंतीकडे गेलेली गोणी दिसली की ती तिची दोन टोकं धरायची, गुडघ्याचा रेटा द्यायची आणि हळूच म्हणायची, "तोंड दाखव गं." रुसलेल्या मुलीला खांदे धरून वळवावं तशी पंचवीस किलोची गोणी वळायची. मग एप्रनच्या खिशातून निळा खडू निघायचा आणि गोणीच्या पोटावर लॉटचे शेवटचे आकडे उमटायचे, दारातून वाचता येतील एवढे मोठे. असं सव्वीस वर्षं चाललं.

कारखाना बाळांच्या खाद्याचा होता. तांदळाचं पीठ, दुधाची भुकटी, साखर असं एकेक गाडीनं यायचं, मिसळणीत जायचं आणि हसऱ्या बाळाचं चित्र असलेल्या पाकिटातून बाहेर पडायचं. आत येणाऱ्या मालाच्या प्रत्येक खेपेला एक आकडा, त्याला लॉट म्हणायचं. बाहेर जाणाऱ्या पाकिटांच्या प्रत्येक घाण्याला एक आकडा, ती बॅच. कुठला लॉट कुठल्या बॅचमध्ये गेला, हे लॉटबाई एका लांबट पुठ्ठ्याच्या वहीत लिहायची. नव्या माणसानं विचारलं तर समजावून सांगायची, "लॉट म्हणजे गोणीचं घराणं. उद्या पोरगी बिघडली, तर कुणाच्या घरची ते कळायला नको?"

ऐकणारे हसायचे. तीही हसायची, पण वही बंद करून, रबर लावून मगच.

टकटक तिच्याकडे आली ती संगणकाबरोबर. आधी ती बिलांच्या खोलीत बसायची. गोदामात सॉफ्टवेअर आलं तेव्हा कोपऱ्यात काचेचं खोपटं उभं राहिलं, त्यात एक टेबल, एक पडदा, स्टिकर छापायचं यंत्र आणि ती. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, घरात आठ महिन्यांची मुलगी, नोकरी दर सहा महिन्यांनी नव्यानं मिळणारी. हे नाव तिला लॉटबाईनंच दिलं, बोटांच्या आवाजावरून. "काय गं टकटक, जेवलीस का?" हा प्रश्न रोज एक वाजता काचेवर दोनदा वाजायचा. पहिल्या आठवड्यात तिला राग आला होता. दुसऱ्या आठवड्यात ती एक वाजायची वाट बघायला लागली.

सॉफ्टवेअर शिकवायला एक टायवाला आला होता. त्यानं पडद्यावर एक पाकीट काढलं आणि मागोवा असं लिहिलेलं बटण दाबलं. पाकिटातून रेघा फुटल्या, बॅचपर्यंत गेल्या, बॅचमधून लॉटपर्यंत. "बघा," तो म्हणाला, "कुठल्याही पाकिटाची जन्मकथा, एका क्लिकवर."

लॉटबाईनं चष्मा वर केला. "आणि गोणी कुठली उचलली, हे याला कोण सांगणार?"

"तुम्हीच. उचलताना स्टिकर स्कॅन करायचं."

"आणि नाही केलं तर?"

"तर पुढचं पान उघडतच नाही, मावशी."

"मग बरंय," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं खरंच मनापासून म्हटलं होतं. नंतर ती टकटकला म्हणाली, की माझ्यानंतर वही कोण लिहिणार याची मला काळजी होती, आता पेटी लिहील. संगणकाला ती शेवटपर्यंत पेटीच म्हणाली.

दोन महिने पेटीनं खरोखर लिहिलं. मग मागणी वाढली, माल दुप्पट यायला लागला, गोदामातल्या वाटा गोण्यांनी भरल्या. जुना माल मागे ढकलला जाऊन नवा पुढे उभा राहायला लागला. लॉटबाईनं साहेबांकडे दीड हात रुंदीची एक वाट मोकळी मागितली, मागच्या भिंतीपर्यंत जायला. साहेब म्हणाले, बघू. उचलगाडी चालवणारा, ज्याला सगळे हत्ती म्हणत, तो पुढची गोणी दिसली की पुढचीच उचलायचा. "मागची काढायला आधी पुढच्या तीस हलवायच्या, बाई. माझी गाडी आहे, जादूची सतरंजी नाही." एकेक स्टिकर स्कॅन करत बसलं की मिसळणीतून आरडाओरडा व्हायचा. शेवटी साहेबांनी टायवाल्याला फोन केला आणि सॉफ्टवेअरमध्ये एक सोय चालू करून घेतली. तिचं नाव 'आपोआप'. आता टकटकनं फक्त किती गोण्या गेल्या ते टाकायचं. कुठल्या लॉटच्या गेल्या, ते पेटी स्वतः ठरवणार, सगळ्यात जुना सगळ्यात आधी.

"म्हणजे जे व्हायला हवं ते लिहिणार," लॉटबाई म्हणाली, "जे झालं ते नाही."

"नियमच आहे ना, जुनं आधी?" साहेब म्हणाले.

"नियम आहे, साहेब. वाट नाही."

त्यानंतरचे चार महिने टकटकला नंतर पुष्कळदा आठवले. रोज संध्याकाळी लॉटबाई वही घेऊन खोपटात यायची, एक वाचायची, दुसरी पडद्यावरचा लॉट बदलायची. वही चार महिन्यांत एकदाही चुकली नाही. एकदा चुकलीशी वाटली. तेव्हा दोघी रांगेत शिरून, पोट आत ओढून, गोण्यांमधून आडव्या सरकत शेवटपर्यंत गेल्या आणि मोजलं. चूक टकटकची निघाली, तिनं सातचा एक वाचला होता. परत येताना दोघींच्या केसांवर भुकटी बसली होती. लॉटबाई म्हणाली, "बघ, पांढरे केस तुला कसे दिसतील ते आजच कळलं."

पण पेटीत बदललेली प्रत्येक ओळ अहवालात लाल छापली जायची. तपासणीला आलेल्या लोकांनी विचारलं, एवढं लाल का? साहेबांनी टकटकला बोलावलं. दरडावले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, "लाल कमी करा. सहा महिन्यांनी तुमची कायमची फाइल वर जायची आहे, त्यात हे अहवाल जोडले जातात."

त्या संध्याकाळी लॉटबाई आली तेव्हा टकटक म्हणाली, "मावशी, आता नको. वरून सांगितलंय."

लॉटबाईनं कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती घरी जाताना वही टकटकच्या टेबलावर ठेवून जायची आणि सकाळी तोंडं फिरवून झाली की घेऊन जायची. वही रोज यायची. रोज न उघडता परत जायची.

मग ते पत्र आलं.

दुधाची भुकटी पुरवणाऱ्या कंपनीनं लिहिलं होतं, की त्यांच्या एका चाळणीची जाळी तुटली आणि तारेचे तुकडे एका लॉटमध्ये गेले असण्याची शक्यता आहे. आकडा सातशे अठरा. कृपया वापरू नये. पत्रावर तारीख जाळी तुटल्यानंतर दीड महिन्यानं पडलेली होती, आणि त्याच पत्रात झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरीही होती.

टकटकनं आकडा टाकून मागोवा दाबलं. रेघा फुटल्या. सातशे अठराच्या एकोणपन्नास गोण्या ब्याण्णव नंबरच्या बॅचमध्ये गेल्या होत्या, अकरा गोदामात शिल्लक. ब्याण्णवचं एकही पाकीट कारखान्याच्या आवाराबाहेर गेलेलं नव्हतं. साहेबांनी खुर्चीत मान मागे टाकली. "दोन मिनिटांत उत्तर! हेच वहीत शोधलं असतं तर?"

लॉटबाई दारात उभी होती, वही हातात. "वहीत शोधलंय," ती म्हणाली. "सातशे अठरा ब्याण्णवला गेलाच नाही, साहेब. तो पुढे उभा होता, आधी उचलला गेला. तो अठ्ठ्याऐंशीत आहे."

गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी पहिल्यांदा वर बघितलं. "अठ्ठ्याऐंशी? ती तर तीन आठवड्यांपूर्वी दुकानांत गेली."

"म्हणून तर सांगतेय."

मॅडमनी वही घेतली, चाळली. पानांना क्रमांक नव्हते. कुठल्याच पानावर दुसऱ्या कुणाची सही नव्हती. एका पानावर तेलाचा डाग होता. त्यांनी ती दोन बोटांनी टेबलावर ठेवली. "ही मंजूर नोंद नाही."

"नसू दे. मागच्या भिंतीला चला. पेटी म्हणते तिथं सातशे अठराच्या अकरा गोण्या आहेत. तिथं आहेत अकराच, पण सहाशे पंचावन्नच्या. पेटीच्या हिशेबानं तो लॉट अठ्ठ्याऐंशीत कधीच संपलाय. मग त्या गोण्या आल्या कुठून? चाळीस पावलं आहेत. वाट नाही, पण मी आडवी जाते, तुम्ही या मागून."

कुणी उठलं नाही. साहेब थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग त्यांना वाट सापडली, आणि ती सापडताना त्यांचा चेहरा कसा सैल झाला ते टकटकनं पाहिलं.

"त्या गोण्यांवर सहाशे पंचावन्नचं स्टिकर आहे, असंच ना? स्टिकर आपलं. पुरवठादाराचं लेबल आपण आवकेच्या वेळी काढून टाकतो आणि आपलं लावतो. लावतं कोण?"

"मी."

"मग लावतानाच चुकलं असेल. गोण्या सातशे अठराच्याच, स्टिकर चुकीचं."

"दोन गाड्यांत वीस दिवसांचं अंतर आहे!" लॉटबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "पहिली गाडी आली तेव्हा दुसरीचा आकडा जन्मलासुद्धा नव्हता. स्टिकर काय भविष्य बघून चिकटलं?"

हत्तीला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मी स्टिकर वाचत नाही, साहेब. मी गोणी उचलतो. पुढची असते ती."

"पण मागची कधी उचलतच नाहीस, असं लिहून देशील?"

हत्तीनं टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "लिहून... ते मला नाही जमणार."

मग साहेब टकटककडे वळले. "स्टिकर तुम्ही छापता, त्या लावतात. छापलेली उरलेली स्टिकरं तिथंच पडलेली असतात. अदलाबदल होणं शक्य आहे की नाही?"

टकटकच्या डोळ्यांसमोर चार महिन्यांच्या संध्याकाळी होत्या. लॉटबाई उरलेलं प्रत्येक स्टिकर फाडून त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या डब्यांत टाकायची, हेही तिला माहीत होतं. लॉटबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या वहीकडे बघत होती, ती सरळ ठेवलेली नाही म्हणून.

"मला..."

"शक्य आहे की नाही, एवढंच."

"शक्य आहे," टकटक म्हणाली.

एवढंच. जगात कुठली गोष्ट शक्य नाही? घरी जाताना तिनं स्वतःला हेच सांगितलं, की मी खोटं काहीच बोलले नाही. कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी पोचेपर्यंत ते खरंही वाटत होतं.

घरात सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन चमच्यानं भरवत होत्या. ओट्यावर पाकीट होतं, कारखान्यातून कामगारांना मिळतं तसलं, हसऱ्या बाळाचं. टकटकनं पिशवीही खाली ठेवली नाही. पाकीट उलटं केलं. तळाशी, शिवणीच्या वर, अठ्ठ्याऐंशी.

तिनं मुलीच्या तोंडातला चमचा काढून घेतला. मुलीनं आधी आश्चर्यानं बघितलं आणि मग भोकाड पसरलं. टकटकनं तिच्या तोंडात बोट घालून हिरड्या, जीभ, टाळू, सगळं चाचपलं. काही नव्हतं. वाटीतलं सगळं मोरीत गेलं. पाकीट कात्रीनं फाडून, त्यात पाणी ओतून, चिखल करून कचऱ्यात गेलं.

"अगं, अर्धं भरलेलं पाकीट!" सासूबाई म्हणाल्या. "वेड लागलं का तुला?"

"ओल लागली होती."

"ओल? काल तर मीच फोडलं."

"आई, ओल लागली होती म्हटलं ना."

मुलगी हुंदके देत झोपली. टकटक तिच्या शेजारी बसून राहिली आणि अठ्ठ्याऐंशीत किती पाकिटं होती ते आठवत राहिली. आठवायची गरज नव्हती. चार हजार आठशे. आकडा तिनंच टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीच्या अकरा गोण्या बाहेर काढल्या. हत्तीला पुढच्या सगळ्या हलवाव्या लागल्या, अख्खी सकाळ गेली. प्रत्येकीच्या पोटावर निळ्या खडूत सहाशे पंचावन्न होतं. त्यांवर लाल पट्टी मारली, सातशे अठरा म्हणून नोंदल्या आणि नष्ट करायला पाठवल्या. चांगली भुकटी होती. लॉटबाई दारापाशी उभी राहून मोजत होती, एक, दोन, तीन. अकरा झाल्यावर ती म्हणाली, "निर्दोष होत्या गं बिचाऱ्या," आणि आत निघून गेली.

स्टिकरवरचा आकडा पेटीशी जुळत नसला तर पेटीला कारण द्यावं लागतं. कारणाच्या चौकटीत आपल्या मनानं काही लिहिता येत नाही, खाली पाच कारणांची यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. मोजणीतील फरक. मालाची मोडतोड. पुरवठादाराची चूक. यंत्रातील बिघाड. गोदाम कर्मचाऱ्याची चूक. 'वाट नव्हती' असं कारण त्यात नव्हतं. टकटकनं बाण खाली खाली नेला आणि पाचव्यावर थांबवला. पेटीनं विचारलं, नक्की? तिनं हो दाबलं.

त्या एका ओळीवर लॉटबाईची बदली झाली. खोकी घडी घालायच्या विभागात. बाकावर बसून पुठ्ठा दुमडायचा, पट्टी लावायची, पुढचा घ्यायचा. महिनाभर तिनं दुमडला. त्या महिन्यात एक वाजता काचेवर टकटक झाली नाही. टकटकनं एकदा स्वतः जाऊन विचारलं, "मावशी, जेवलात?" लॉटबाई म्हणाली, "हो, जेवले," आणि बाकावर थोडी सरकून तिला बसायला जागा दिली. ती बसली नाही. तिला वाटत होतं, बाईंनी काहीतरी लागट बोलावं, म्हणजे आपल्यालाही रागावता येईल. बाईंनी तेवढीही सोय केली नाही.

महिन्याच्या शेवटी लॉटबाईनं राजीनामा दिला. निरोप द्यायला गोदामातले चौघेपाचजण जमले. हत्ती म्हणाला, "आता गोण्यांची तोंडं कोण फिरवणार, बाई?"

"राहू देत भिंतीकडे," ती म्हणाली. "बघायचंय कुणाला?"

वही तिनं मागून घेतली. ती मंजूर नोंद नव्हती, त्यामुळे कुणी अडवलं नाही. दोन महिन्यांनी टकटकची फाइल वर गेली आणि ती कायम झाली. अहवालांत लाल जवळजवळ नव्हतंच.

एका बाईचं पत्र आलं ते त्यानंतर. आखीव कागदावर पारदर्शक पट्टीखाली एक तार चिकटवली होती, नखाएवढी, केसासारखी बारीक, एका टोकाला वाकलेली. कारखान्यात धातू पकडायचं यंत्र होतं, पण एवढी बारीक तार त्याला दिसत नाही. बाईनं लिहिलं होतं, माझ्या बाळाच्या टाळूला दोन टाके पडले, तो आता चमचा बघितला की तोंड मिटून घेतो. सोबत पाकिटाचा तळ कापून पाठवला होता. अठ्ठ्याऐंशी.

तक्रारीचा मागोवा काढायचं काम टकटकचं. तिनं अठ्ठ्याऐंशी टाकलं. रेघा फुटल्या, सहाशे पंचावन्नला जाऊन टेकल्या. त्या लॉटपुढे हिरवा गोल होता, दोष नाही. मॅडमनी पडदा बघितला, पत्र बघितलं, पुन्हा पडदा बघितला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "तार आपल्याकडची नाही. पाकीट घरी उघडल्यावर पडली असणार. सहा नवी पाकिटं पाठवा, सदिच्छा म्हणून." टकटकनं पत्ता टाईप केला. तक्रार बंद असं बटण दाबलं. पट्टीखालची तार फाइलला लावताना तिच्या बोटाला टोचली, पट्टीतूनसुद्धा.

हत्तीनंच तिला सांगितलं, की लॉटबाई दुकानोदुकानी फिरते म्हणे. आपली पाकिटं फळीवरून काढते, उलटी करून तळ वाचते आणि ठरावीक तेवढी विकत घेते. एका दुकानदारानं तिला हाकललं. दुसऱ्यानं विचारलं, नातवंडं किती आहेत, आजी? ती म्हणाली, चार हजार आठशे. हत्ती हे सांगून हसला, मग हसू अर्ध्यावर ठेवून गाडीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात कळलं, की उन्हात चालताना ती रस्त्यात बसली आणि तिला उठताच आलं नाही. हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आणलं होतं. टकटक डब्यात सूप घेऊन गेली. पायरीवर तिनं दोनदा चप्पल काढली आणि दोनदा घातली.

दार लॉटबाईच्या भावजयीनं उघडलं. नवरा गेल्यापासून लॉटबाई भावाकडेच राहायची. भावजय तोंडाची फटकळ होती, डोळे मात्र रडून सुजलेले. "या, या. तुम्हीच का त्या पेटीवाल्या? बघा आमच्या वन्संचे पराक्रम. घरात पाळणा नाही आणि बाळाच्या खाऊनं खोली भरलीय. काल हे आपली चप्पल शोधायला खाटेखाली वाकले, तर डोक्यावर चाळीस पाकिटं!"

खाटेखाली, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर, सगळीकडे हसरं बाळ होतं. एकावर एक रचलेल्या रांगा, आणि प्रत्येक पाकिटाचा तळ पुढे केलेला, आकडा दिसेल असा. लॉटबाई उशीला टेकून होती. हात पांघरुणावर. नखांत निळं काही राहिलं नव्हतं.

"दोनशे तेरा," ती म्हणाली. आवाज खोल गेला होता. "वहीत लिहिलीयत. कुठल्या दुकानातून किती, सगळं."

टकटकनं मान हलवली. उरलेली किती, ते दोघींनाही माहीत होतं. ते पत्र, ती तार, ते दोन टाके सांगायचं ठरवूनच ती आली होती. सूप वाटीत ओतता ओतता तिनं सांगितलंही, खाली बघून, भरभर. लॉटबाईनं वाटी हातात घेतली नाही.

"अठ्ठ्याऐंशीचंच?"

"हो."

"मग आता तरी अठ्ठ्याऐंशीची ओळ बदल. तुला ठाऊकाय कशी बदलायची. आपण बदलायचो रोज."

"मावशी, तो महिना बंद झालाय."

"बंद म्हणजे?"

"हिशेबाचा महिना एकदा बंद केला की त्यातल्या नोंदी उघडत नाहीत. माझ्याकडून नाही उघडत. साहेबांकडूनच."

"मग साहेबांना सांग."

टकटकनं हातातली वाटी खाली ठेवली. बाहेर भावजय कुणालातरी फोनवर सांगत होती, नाही हो, काही खात नाही. लॉटबाई टकटकच्या चेहऱ्याकडे बघत होती, पूर्वी फाटलेल्या लेबलाकडे बघायची तशी, डोळे बारीक करून, वाचता येतंय का ते बघत. मग तिनं नजर काढून घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाचून झालेल्या माणसाचा चेहरा होता.

"मी माझ्या मुलीला दिलं नाही ते," टकटक एकदम म्हणाली. "त्याच दिवशी फेकलं. तुमचं खरं होतं, मला माहीत होतं."

"हं," लॉटबाई म्हणाली.

एवढंच. पुढे काही नाही, क्षमा नाही, शिवी नाही. टकटक उठून स्वयंपाकघरात गेली, डबा विसळला, हाताला येईल ते झाकण लावलं, पिशवीत टाकला. त्यानंतर नऊ दिवसांनी लॉटबाई गेली. त्या नऊ दिवसांत टकटक पुन्हा गेली नाही, आणि साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आली. पाकिटं भावजयीनं पोत्यात भरून टाकली. वही कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही.

सूप आणलं त्या दिवशी टकटक निघाली तेव्हा मात्र लॉटबाई जागी होती. टकटक दाराशी पोचली, "येते, मावशी," म्हणाली, आणि मागून हाक आली. ती धावल्यासारखी वळली. लॉटबाई पिशवीतून डोकावणाऱ्या डब्याकडे बोट करत होती.

"ते झाकण आमचं आहे गं. तुझं निळं, ओट्यावर राहिलंय."